दाराकडे पाठ असलेली खुर्ची



सुरुवातीला एक छोटंसं काम देते. तुम्ही आत्ता जिथे बसला आहात, तिथून मान न वळवता खोलीचं दार दिसतंय का, बघा. दिसत असेल तर छान. दार पाठीमागे असेल तर तेवढं लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपण त्या दारापाशी परत येणार आहोत.

मी इंदूरची. आमची चौथी पिढी तिथे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गिऱ्हाइकाशी दोन्हीची खिचडी. ऑफिसं आतून लावून देणं हा माझा धंदा. टेबलं कुठे, केबिन कुठे, दिवे कसे, वायरी कुठून न्यायच्या, हे सगळं. 2006 साली सुरू केलं तेव्हा कार्डावर नावाखाली 'इंटिरियर डिझायनर' एवढंच होतं आणि फोन वाजत नव्हता. मग तीन महिन्यांचा फेंगशुईचा कोर्स केला, कार्डावर एक ओळ वाढवली, आणि फोन वाजायला लागला. हे लपवण्यात अर्थ नाही. आज जे सांगणार आहे त्यात त्या एका ओळीचा हात मोठा आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फेंगशुई पाहिलंय ते दुकानात. पोट सुटलेला लाफिंग बुद्ध, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली भोकाची नाणी, पाण्यात उभ्या केलेल्या बांबूच्या कांड्या. त्यांचं आधी उरकून टाकू. तो हसणारा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकातला एक चिनी भिक्षू, झोळी घेऊन हिंडणारा. आणि लकी बांबू हा बांबूच नाही. ड्रॅसिना जातीचं झाड आहे ते, मूळचं मध्य आफ्रिकेतलं. टेबलावर काहीतरी हिरवं हवं म्हणून ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, कमी उजेडातही टिकतं. फक्त पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कोर्समध्ये आम्हाला सांगितलं होतं की खरी कमाई सल्ल्यात नसते, वस्तूंत असते. खरंच असते. मी वस्तू विकत नाही, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

मूळ विद्या मात्र वस्तूंची नाही, जागेची आहे. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. या विषयावरचा एक फार जुना ग्रंथ चौथ्या शतकातल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. तो घरांवर नाही, ऑफिसांवर तर नाहीच. तो कबरींवर आहे, पूर्वजांना कुठे पुरावं यावर. त्यातला विचार साधारण असा, की 'ची' म्हणजे जीवनशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून जागा अशी निवडा, जिथे पाठीशी उंच डोंगर आहे, दोन्ही हातांना बुटक्या टेकड्या आहेत, समोर मोकळं मैदान आणि त्यातून वळत जाणारी नदी. चिनी परंपरेत या चार बाजूंना चार प्राणी आहेत. मागे काळं कासव, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ आणि समोर लाल पक्षी.

आता डोळे मिटून ती जागा बघा. मागे टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना हात, पुढे मोकळं. ती खुर्चीच आहे!

उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळतं. म्हणून डोंगर उत्तरेला आणि घराचं तोंड दक्षिणेला. ही तिथल्या शेतकऱ्याची अक्कल आहे. आपल्याकडे तीच गोष्ट आणली की गंमत होते. दक्षिण म्हणजे आपल्याकडे यमाची दिशा. दक्षिणमुखी दुकान म्हटलं की वास्तुतज्ज्ञ कपाळाला आठ्या घालतो. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, दुपारचं कडक ऊनही त्याच बाजूने, त्यामुळे त्या बाजूला जाड भिंत, जड सामान, ही आपल्या हवेची अक्कल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एका गिऱ्हाइकाने वास्तुवाल्याला आणि मला एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये बोलावलं होतं. एकाच दाराला मी उत्तम म्हटलं आणि त्यांनी घातक. गिऱ्हाइकाने शेवटी दार तसंच ठेवलं आणि दोघांचीही फी अर्धी केली.

ऑफिसच्या फेंगशुईची राजधानी म्हणायची तर हाँगकाँग. तिथे 1985 मध्ये नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेली एचएसबीसी बँकेची इमारत आहे. तिचे सरकते जिने दाराशी सरळ रेषेत नाहीत, तिरके आहेत. ते फेंगशुईच्या सल्ल्याने असं सांगतात. 1990 मध्ये जवळच आय. एम. पेई यांचा बँक ऑफ चायनाचा मनोरा उभा राहिला, सगळा त्रिकोणी धारांचा. लोक म्हणायला लागले, या सुऱ्या आहेत. मग एचएसबीसीच्या छपरावरची, देखभालीसाठीची क्रेनसारखी यंत्रं लोकांना तोफांसारखी दिसू लागली, त्या मनोऱ्यावर रोखलेल्या. बँकांची भांडणं तोफा-सुऱ्यांच्या भाषेत सांगायला मजा येते. पण त्या इमारतींच्या आत, अमुक मजल्यावर, स्वच्छतागृहाशेजारच्या टेबलावर कोण बसतं, याची गोष्ट मी कधी ऐकली नाही. कोर्समध्येही नाही.

आता त्या दारापाशी येऊ. फेंगशुईत ऑफिससाठी सर्वांत महत्त्वाचा एक नियम आहे, त्याला इंग्रजीत 'कमांड पोझिशन' म्हणतात. आपण सरदाराची जागा म्हणू. पाठीला भरीव भिंत, दार समोर दिसणारं पण नेमकं दाराच्या रेषेत नसलेलं, आणि टेबलापुढे थोडी मोकळी जागा. म्हणजे तीच डोंगराची खुर्ची, हॉलमध्ये आणलेली. यात काही गूढ नाही. जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने 1975 मध्ये निसर्गदृश्यांविषयी एक सिद्धान्त मांडला होता. माणसाला अशी जागा आवडते जिथून त्याला लांबचं दिसतं, पण तो स्वतः आडोशाला असतो. तुम्ही हॉटेलात गेल्यावर आधी कुठलं टेबल धरता? कोपऱ्यातलं, भिंतीचं. मधलं टेबल सगळ्यांत शेवटी भरतं. दार पाठीमागे असलं की कान सतत मागे लागलेला असतो. कोणी आलं का, कोण आलं, माझ्या स्क्रीनकडे बघतंय का. दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस.

म्हणजे नियम चांगला आहे. प्रश्न एवढाच, की हॉलमध्ये अशा जागा असतात दोन किंवा तीन आणि माणसं असतात तीस.

यावर फेंगशुईचं उत्तर ठरलेलं आहे. जन्मसालावरून प्रत्येकाचा एक कुआ अंक निघतो, बाई-पुरुषाचं गणित वेगळं. त्या अंकावरून तुमच्या चार दिशा चांगल्या, चार वाईट. कोर्समध्ये मी विचारलं होतं, तीस माणसांचे तीस कुआ असतील तर कोणाचा धरायचा? सर हसले. म्हणाले, जो फी देतो त्याचा.

2009 मध्ये मला औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीने बोलावलं. दुसरा मजला, लांबट हॉल, अकरा माणसं. धंदा दोन वर्षं घसरत होता. सेठजी सज्जन, बोलायला गोड, पण रात्र रात्र झोप नसलेला माणूस. मी लुओपान, म्हणजे ते चिनी होकायंत्र, फिरवलं, जन्मतारीख विचारली, कुआ काढला आणि सांगितलं की तुमची केबिन चुकीच्या जागी आहे. तुमची जागा ती. 'ती' म्हणजे हॉलचा नैऋत्य कोपरा. पाठीला भिंत, दार तिरकं समोर, वास्तुवालासुद्धा खूश झाला असता अशी जागा. तिथे एक टेबल आधीच होतं. मुनीमजींचं.

मुनीमजी संगणकावर बिलं करायचे, पण त्यांचं नाव जुनंच राहिलं होतं. साठीच्या आसपासचे, मराठी माणूस, पेढीत अठ्ठावीस वर्षं. मी आले तेव्हा हॉलमधून त्या एकट्यांनी मला 'या' म्हटलं होतं. त्यांना तिथून हलवून स्टोअरच्या दाराशी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर बसवलं. पाठ हॉलकडे, तोंड भिंतीकडे, मागून आणि डावीकडून माल बांधणाऱ्या पोरांची ये-जा. नकाशावर तेवढी जागा रिकामी होती आणि त्यांचं टेबल तिथे बरोबर मावत होतं. मी एवढंच पाहिलं. त्या खुर्चीत पाच मिनिटं बसून बघितलं नाही. त्यांचा कुआ तर विचारलाच नाही.

सहा महिन्यांनी सेठजींनी बोलावलं, मिठाईचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, आपका फेंगशुई काम कर गया. असली दोष निकल गया."

दोष म्हणजे मुनीमजी. झालं होतं असं, की एका नर्सिंग होमला सलाइनच्या साठ पेट्या गेल्या आणि बिल झालं आठ पेट्यांचं. महिनाअखेर साठा जुळेना तेव्हा कळलं. समोरच्या पार्टीने हात वर केले. त्याआधीही दोन-तीन चुका झाल्या होत्या. सेठजींनी पगारातून कापायला सुरुवात केली आणि मुनीमजींनी नोकरी सोडली. अठ्ठावीस वर्षं लपलेला दोष जागा हलवताच बाहेर पडला, असा सेठजींचा हिशेब. शिवाय पहिले तीन महिने विक्री खरंच वाढली होती. त्यांनी मला आणखी दोन ओळखीच्यांचे नंबर दिले. मी डबाही घेतला आणि नंबरही.

विक्री का वाढली असेल, याबद्दल एक गोष्ट सांगते. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता. तिथे 1924 पासून उजेडाचे प्रयोग केले. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तरी काम वाढलं, असं तेव्हा नोंदलं गेलं. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय, काहीतरी बदलतंय, एवढ्यानेच माणसं जोमाने काम करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर शंका घेतल्या आहेत, त्या वाजवीही आहेत. पण माझ्या धंद्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कुठलंही ऑफिस हलवा, झाडून-पुसून लावा, तीन महिने बरे जातात. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच 'अनुभवांची' मुदत तीन महिनेच असते.

दोन वर्षांनी गणपतीत एका कॉलनीच्या मंडपात गेले होते. प्रवेशाशी वर्गणीच्या पावत्यांचं टेबल. टेबलामागे मुनीमजी. मी डाव्या बाजूने जाऊन नमस्कार केला. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, राग आहे. असायलाच हवा. शेजारचा मुलगा म्हणाला, "मावशी, काकांशी उजवीकडून बोला. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही."

मी उजवीकडे गेले. त्यांनी ओळखलं, खुर्ची ओढून दिली. मी विचारलं, केव्हापासून? म्हणाले, लहानपणी कान फुटला होता, तेव्हापासून. म्हणजे पेढीतली अठ्ठावीस वर्षंही. त्या जुन्या कोपऱ्यात डावा कान भिंतीला होता, उजवा हॉलला, आणि माल सांगायला येणाऱ्या पोराचं तोंड समोर दिसायचं. ओठांवरून कळायचं. नव्या जागी पोरं मागून ओरडायची. "साठ" काय आणि "आठ" काय.

मी म्हटलं, तुम्ही तेव्हा सांगायचं ना.

ते म्हणाले, "ताई, कोणाला सांगू? सेठजींना? ऐकू येत नाही म्हटलं असतं तर तेव्हाच घरी पाठवलं असतं. तुम्हाला? तुम्ही तर सेठजींच्या बरोबरच फिरत होतात."

रागाने बोलले नाहीत. पावती फाडून दिली, एकशे एक रुपयांची. मंडपात त्यांची खुर्ची कुठे होती ते मला जाताना दिसलं. पाठीला कनात, डावीकडे खांब, समोर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस.

मी सेठजींकडे परत गेले का? नाही गेले. आज सांगताना बरं वाटत नाही, पण नाही गेले. काय सांगणार होते, की दोष माझ्या नकाशात होता? दोन नंबर दिले होते त्यांनी, त्या दोघांची कामं चालू होती.

त्यानंतर मी एक हुशारी केली. आजच्या बोलण्यात मला सगळ्यांत जास्त याच हुशारीबद्दल बोलायचं होतं, कारण ती करणारी मी एकटी नाही. मी फेंगशुई सोडलं नाही, ते खालच्या माणसांसाठी वापरायला लागले. एका ऑफिसात रिसेप्शनवरची मुलगी आठ महिने मागे पार्टिशन मागत होती. तिच्या पाठीमागून लोक जायचे, स्क्रीनवर वाकायचे. कोणी दाद देत नव्हतं. मी मालकांना म्हटलं, रिसेप्शनची पाठ उघडी असली की आलेला पैसा मागच्या मागे जातो. चार दिवसांत पार्टिशन. सागवानी! आणखी एकीकडे लेखा विभागाच्या डोक्यावरचा तुळईखालचा दिवा बदलून घेतला, तुळई म्हणजे डोक्यावर लटकती तलवार असं सांगून. खरी अडचण त्या दिव्याच्या लुकलुकीची होती. ती सांगितली असती तर तीन कोटेशनं मागवली गेली असती.

मला वाटायचं, काय वाईट आहे? खोटं बोलून का होईना, माणसाचं भलं होतंय.

मग त्या सागवानी पार्टिशनवाल्या मालकांचा एक मोठा करार हातचा गेला. त्यांनी मला फोन केला. पहिला प्रश्न होता, "बघा जरा, कोणाची जागा नडतेय." जागा, म्हणजे माणूस. आणि त्या वेळी मला कळलं की ही भाषा मीच त्यांना शिकवली होती. रिसेप्शनच्या पाठीतून पैसा जाऊ शकतो हे एकदा मान्य केलं, की तो शिपायाच्या स्टुलावरूनही जाऊ शकतो, एखाद्या गरोदर मुलीच्या रजेतूनही जाऊ शकतो. ज्या दोरीने पार्टिशन ओढून आणलं, त्याच दोरीने मुनीमजी बाहेर ओढले गेले होते. मी म्हटलं, कोणाचीही जागा नडत नाही, कराराचे कागद बघूया. ते काम माझ्याकडून गेलं. तिथे मग दुसऱ्या सल्लागारांनी काय हलवलं, ते मला माहीत आहे, पण ती त्यांची गोष्ट.

आता कार्डावरची ओळ काढली आहे. फोन कमी वाजतो. लुओपान कपाटात आहे. सुंदर वस्तू आहे हो ती, पितळेच्या तबकडीवर वर्तुळात वर्तुळं, फेकवत नाही.

पण फेंगशुईतला वारा आणि पाणी मी अजून बघते. अगदी शब्दशः बघते. आधी वारा. आपल्या ऑफिसांत भिंतीवर स्प्लिट एसी असतो. बहुतेकांना वाटतं की तो बाहेरची हवा गार करून आत सोडतो. नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. दारं-खिडक्या बंद असतील तर तुम्ही दिवसभर एकमेकांची सोडलेली हवा घेत असता, गार केलेली. माझ्याकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. बाहेर ते दर दशलक्षाला सुमारे 420 दाखवतं. आत हजारावर गेलं की समजायचं, ताजी हवा कमी पडतेय. आठ माणसांच्या बंद मीटिंग रूममध्ये तासाभरात दोन हजारांच्या वर गेलेलं मी बघितलंय. दुपारी तीनला पोरं पेंगतात, साहेब म्हणतात आळशी आहेत. जेवणाचा दोष थोडा असेलही. पण आधी वरची खिडकी दोन बोटं उघडा, नाहीतर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि दाराखालून आत यायला फट ठेवा. यंत्राचा आकडा खाली येताना दाखवला की मालक जे ऐकतात, ते 'ची'च्या नावाने ऐकलं नसतं. आणि ज्याच्या मानेवर एसीचा झोत पडतो त्याला विचारा. तो दुपारपर्यंत स्कार्फ गुंडाळून बसलेला असतो, सहज सापडतो.

उजेडाचं थोडक्यात. खिडकी स्क्रीनच्या मागे नको, डोळे दिपतात. तुमच्या पाठीमागे नको, स्क्रीनवर चकाकी येते. बाजूला हवी. हाताने लिहिणारे असाल आणि उजवे असाल तर डावीकडे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

आणि पाणी. फेंगशुईवाले रिसेप्शनला कारंजं सांगतात. मी आधी विचारते, इथल्या बायका दिवसाला किती पाणी पितात. हा प्रश्न मालकासमोर विचारून उपयोग नाही. एका ऑफिसात सहा जणींच्या टेबलांवर सहा बाटल्या, संध्याकाळी चारला सगळ्या जवळजवळ भरलेल्या. का? तर त्या मजल्यावर एकच स्वच्छतागृह, पुरुषांच्या टेबलांमधून जाणारी वाट, आतली कडी मोडकी. कामाच्या दिवशी पाणीच प्यायचं नाही, हा त्यांनी काढलेला उपाय. त्या ऑफिसात कारंज्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेले होते. कडी, दिवा, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि वाट वळवायला एक कपाट, एवढं त्यात आलं. कारंजं झालं नाही.

आता मी कुठल्याही नव्या कामाला एक दिवस असा ठेवते, की प्रत्येक खुर्चीत बसायचं. मालकाशिवाय. निदान वीस मिनिटं. फोन कुठून वाजतो, कोणाचा आवाज कुठल्या कानावर येतो, पायात वायर लागते का, दार दिसतं का. बसले की शेजारचा माणूस आपणहून बोलायला लागतो. आपण उभे असलो आणि हातात नकाशा असला की बोलत नाही. हे मला मुनीमजींनी शिकवलं, पण फी त्यांनी दिली.

ज्यांचं दार सुरुवातीला पाठीमागे होतं, त्यांच्यासाठी. टेबल फिरवता येत असेल तर फिरवा, नव्वद अंशांनी वळवलं तरी पुष्कळ फरक पडतो. फिरवता येत नसेल तर मॉनिटरच्या कोपऱ्यावर छोटा बहिर्गोल आरसा चिकटवा, गाडीला लावतात तसा. मागे उंच पाठीची खुर्ची किंवा कमरेएवढं कपाट ठेवा. आणि घरून काम करणाऱ्यांनी हेही बघा, की घरातल्या टेबलावर कोण बसतं आणि पलंगाच्या कडेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन कोण बसतं. 2020 मध्ये मी फोनवर बरीच घरं लावून दिली. पलंगावर कोण असायचं ते तुम्हाला माहीत आहे.

गेल्या महिन्यातलं सांगते आणि थांबते. एक तरुण मालक, नवं ऑफिस, त्यांनी विचारलं की इथली सर्वांत लकी जागा कुठली. मी म्हटलं, ते ठरवू, पण आधी तुम्ही तासभर तुमच्या शिपायाच्या स्टुलावर बसा. हसले, पण बसले. आपल्याकडे दुकानांत काम करणाऱ्या माणसांना बसायला जागा मिळावी म्हणून केरळात 2018 मध्ये आणि तमिळनाडूत 2021 मध्ये कायद्यात बदल करावा लागला, तेव्हा यांच्याकडे निदान स्टूल तरी होतं. स्टूल पॅसेजमध्ये, दाराच्या मागे, दार उघडलं की गुडघ्याला लागणारं. मालक वीस मिनिटांत उठले. खांदा ओला झाला होता. वर एसीचा पाइप गळत होता, आणि तो केव्हापासून गळतोय असं विचारल्यावर शिपाई म्हणाला, "पिछली दिवाली से, सर."

पाइप दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. दाराला स्टॉपर लागला. पाठ असलेली खुर्ची द्यायची की नाही, यावर अजून बोलणं चालू आहे. माझं म्हणणं, द्यायची आणि खिडकीशी द्यायची. त्यांचं म्हणणं, मग तो झोपेल. मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.